टिकणे, उरणे आणि ऐकले जाणे : अंकीय स्वरूप आणि अल्पज्ञात गीताची संहिता

१

कलाकृतीच्या प्रसाराचे माध्यम बदलले की तिच्या आस्वादाची रीतही बदलते, हे विधान वाल्टर बेंजामिन यांच्या १९३० च्या दशकातील निबंधापासून इतके रूढ झाले आहे की, त्याच्या पुनरुच्चाराने फारसे काही हाती लागत नाही. यांत्रिक पुनर्निर्मितीमुळे कलाकृतीचे तेजोवलय लोपते, अशी बेंजामिन यांची भूमिका होती. थिओडोर अडोर्नो यांनी १९३४ मध्ये ग्रामोफोनच्या तबकडीविषयी लिहिताना वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधले : तबकडीमुळे संगीत लेखनाच्या अवस्थेला येते. साहित्याच्या अभ्यासकाला ही दुसरी भूमिका अधिक उपयोगाची आहे. संगीत जर कोरले जात असेल, तर त्याला संहिता असते. संहिता असेल, तर तिच्या प्रती, पाठभेद, प्रक्षेप आणि लोप हे सारे काही असते आणि मग तिची चिकित्सा करण्याची जबाबदारीही असते.

ही जबाबदारी आज निकडीची झाली आहे. संगीत अंकीय म्हणजेच डिजिटल स्वरूपात आल्यापासून अल्पज्ञात गीतांच्या भवितव्याविषयी दोन परस्परविरोधी मते मांडली जातात. पहिले मत आशावादी आहे. क्रिस अँडरसन यांनी २००४ मध्ये 'लाँग टेल' या नावाने जे प्रतिपादन केले त्याचा आशय असा, की दुकानाच्या फळीवर जागा मर्यादित असते म्हणून केवळ लोकप्रिय माल टिकतो; अंकीय भांडारात जागेला मोल नसल्याने फार थोड्यांना हव्या असलेल्या कृतीही उपलब्ध राहतात आणि अशा असंख्य कृतींची लांबच लांब शेपटी एकत्रितपणे मोठा बाजार ठरते. दुसरे मत याच्या उलट आहे. अनिता एल्बर्स यांनी २००८ मध्ये विक्रीच्या आकड्यांच्या आधारे दाखवले, की शेपटी लांबत असली तरी ती अधिकाधिक बारीक होत जाते आणि मागणी मोजक्या यशस्वी कृतींभोवतीच गोळा होते.

ही चर्चा बाजाराच्या परिभाषेत अडकलेली आहे. कृती 'उपलब्ध' आहे किंवा नाही, ती विकली जाते किंवा नाही, एवढेच प्रश्न तीत विचारले जातात. मराठीत मात्र या संदर्भात तीन वेगवेगळी क्रियापदे आहेत आणि त्यांच्यातील भेद सैद्धांतिकदृष्ट्या महत्त्वाचा आहे. वस्तू टिकते; पसाऱ्यातून काही उरते; आणि गीत ऐकले जाते. टिकणे हा द्रव्याचा गुण आहे, उरणे हा निवडीचा परिणाम आहे, आणि ऐकले जाणे हा नाते जोडणारा सांस्कृतिक व्यवहार आहे. अंकीय स्वरूपाने पहिल्या क्रियेचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला. पण त्यामुळे उरलेल्या दोन क्रियांचा प्रश्न सुटला असे समजणे ही आजची प्रमुख वैचारिक चूक आहे. मराठी भावगीत आणि त्याच्या परिसरातील गीतप्रकार यांच्या आधारे हे तपासून पाहता येते.

२

अंकीय स्वरूपाने मूळ संगीताची हानी केली, असे म्हणणाऱ्यांनी 'मूळ' कशाला म्हणायचे हे प्रथम ठरवले पाहिजे. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीसाठी फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हापासून भारतीय संगीताच्या आकारावर यंत्राने आपली अट घातली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचा ध्वनी मावे. रात्रभर चालणारी मैफल, फडावर रंगणारी लावणी, प्रेक्षकांच्या 'वन्समोअर'गणिक वाढत जाणारे नाट्यपद या सर्वांना त्या तीन मिनिटांत बसावे लागले. बालगंधर्वांची जी पदे पुढील पिढ्यांनी कानात साठवली, ती रंगभूमीवरची नव्हेत, तबकडीवरची. आजची अंकीय प्रत ही म्हणून मूळ प्रयोगाची प्रत नसून एका संक्षेपाची प्रत आहे.

भावगीताच्या बाबतीत परिस्थिती आणखी वेगळी आहे. येथे तबकडीने आधीच अस्तित्वात असलेल्या प्रकाराचा संक्षेप केला नाही. तिने एक प्रकारच घडवला. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात १९३० च्या दशकाच्या प्रारंभी ध्वनिमुद्रित झाली आणि घरोघरी पोहोचली. देशपांडे यांचा 'शीळ' हा पहिला संग्रह मात्र १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे सुमारे दोन दशके ही कविता छापील संग्रहाच्या आधाराविना, तबकडीच्या आधारे मराठी समाजात वावरली. वाङ्मयेतिहासात संग्रहाच्या प्रकाशनवर्षाला जे महत्त्व मिळते ते तबकडीच्या प्रकाशनवर्षाला मिळत नाही. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी ग्रामोफोनला प्रकाशनसंस्था मानलेच नाही, ही या उपेक्षेमागची खरी उणीव होय. 'शीळ'कर्त्याला पुढे संग्रह लाभले, १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कारही लाभला. ज्यांच्या दोन-चार रचनाच तबकडीवर आल्या आणि पुस्तक कधीच निघाले नाही, अशा गीतकारांची कविता जर कोठे असेल, तर ती त्या तबकडीतच आहे. अल्पज्ञात गीताचा लोप हा म्हणूनच संगीतप्रेमींच्या हळहळीपुरता विषय राहत नाही. तो वाङ्मयाच्या संहितेचा लोप ठरतो.

तबकडी ही संहिता मानली, तर तिला पुष्पिकाही होती असे म्हणता येईल. हस्तलिखिताच्या अखेरीस लेखनिक ग्रंथाचे नाव, स्थळ, काळ आणि आपले नाव नोंदवीत असे. आरंभीच्या ध्वनिमुद्रणांच्या अखेरीस गायिका स्वतःच्या आवाजात आपले नाव उच्चारीत. गौहरजान यांची इंग्रजीतील अशी घोषणा प्रसिद्धच आहे. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत असल्यामुळे तेथील कारागिरांना गायिका ओळखता यावी, हा या घोषणेचा व्यावहारिक हेतू सांगितला जातो. हेतू व्यावहारिक असला, तरी परिणाम गहन झाला. कागदी चिठ्ठी फाटली, वेष्टन हरवले, तरी नाव ध्वनीतच कोरलेले राहिले. अभंगातील 'नामा म्हणे', 'तुका म्हणे' ही नाममुद्रा किंवा लावणीच्या अखेरीस येणारी शाहिराची मुद्रा हेच कार्य करते. कर्त्याचे नाव रचनेच्या बाहेर ठेवले तर ते गळून पडते. आत ठेवले तर रचनेबरोबर चालते, हे मौखिक परंपरेने केव्हाच ओळखले होते.

याशिवाय तबकडीच्या द्रव्यावरच कोरलेला साचा-क्रमांक असे. त्यावरून एकाच गीताची दोन वेगवेगळी मुद्रणे ओळखता येतात, मुद्रणांचा क्रम लावता येतो आणि वादग्रस्त कालनिश्चिती करता येते. मायकेल किनीअर यांनी भारतातील आरंभीच्या ध्वनिमुद्रणांच्या ज्या सूची सिद्ध केल्या, त्यांचे शास्त्र अशाच पुराव्यावर उभे आहे. पाठचिकित्सेच्या परिभाषेत सांगायचे, तर तबकडी स्वतःच्या वंशावळीचे चिन्ह अंगावर वागवते.

३

अंकीय स्वरूपात प्रथम ध्वनीचे संख्यांत रूपांतर होते. कॉम्पॅक्ट डिस्कवर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे मोजमाप घेतले जाते आणि दोन्ही वाहिन्या मिळून सेकंदाला सुमारे १४ लाख ११ हजार बिट खर्ची पडतात. १९९० च्या दशकात प्रचारात आलेल्या एमपी३ या स्वरूपात हाच ध्वनी सेकंदाला १ लाख २८ हजार बिटांत, म्हणजे सुमारे अकराव्या हिश्श्यात बसवला जाऊ लागला. हे संकोचन मानवी श्रवणाविषयीच्या एका प्रतिमानावर आधारलेले आहे. मोठ्या ध्वनीच्या शेजारचा लहान ध्वनी कानाला जाणवत नाही, म्हणून तो नोंदवण्याचे कारण नाही, हे त्याचे सूत्र. जोनाथन स्टर्न यांनी २०१२ मधील आपल्या ग्रंथात या स्वरूपाची जी मीमांसा केली, तिचे सार असे सांगता येईल, की श्रोता हा येथे संगीत संपल्यावर येणारा ग्राहक नसून स्वरूपाच्या रचनेतच गृहीत धरलेला घटक आहे. साहित्यसिद्धांतातील 'गर्भित वाचक' या संकल्पनेशी याचे नाते उघड आहे. एमपी३ला एक गर्भित श्रोता असतो, आणि त्याने काय ऐकायचे नाही हे आधीच ठरलेले असते.

हा गर्भित श्रोता कोणते संगीत ऐकतो? त्याच्यासमोर प्रामुख्याने आधुनिक स्टुडिओतील स्वच्छ ध्वनिमुद्रण आहे. लाखेच्या जुन्या तबकडीवरील ध्वनी मुळातच सुईच्या घर्षणाने भरलेला असतो. ही खरखर अनियमित असल्याने तिचे संकोचन करणे संकोचनयंत्रणेला अत्यंत कठीण जाते. उपलब्ध बिटांचा मोठा वाटा खरखर नोंदवण्यात जातो आणि आवाजाच्या वाट्याला कमी बिट येतात. परिणामी जी मुद्रणे आधीच क्षीण आहेत, त्यांचीच हानी सर्वाधिक होते. प्रसिद्ध गीताच्या कंपनीजवळ जपलेल्या सुस्थितीतील साच्यावरून काढलेली प्रत आणि एखाद्या संग्राहकाकडे उरलेल्या एकमेव झिजलेल्या तबकडीवरून काढलेली प्रत या दोहोंना स्वरूप एकच नियम लावते. आणि समान नियमाचा परिणाम येथे विषम होतो.

खरखर गाळून टाकण्याचा दुसरा मार्ग शुद्धीकरणाचा. परंतु शुद्धीकरण हाही संपादनाचाच एक प्रकार आहे. खरखरीबरोबर आवाजातील श्वास, तारांच्या झंकाराचा वरचा अंश, व्यंजनांची धार हेही जाऊ शकते. त्याहून गंभीर प्रश्न वेगाचा आहे. जुन्या तबकड्या '७८ फेऱ्यांच्या' म्हणून ओळखल्या जात असल्या, तरी आरंभीच्या काळात वेग सर्वत्र एकसारखा नव्हता. वेगात सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडला की सर्व स्वर अर्ध्या स्वराने सरकतात. गायिकेची पट्टी बदलते, लय बदलते, आवाजाचा पोत बदलतो. एका उत्साही व्यक्तीने चुकीच्या वेगाने अंकीय प्रत काढली आणि तीच हजारो ठिकाणी पसरली, तर ऐकणाऱ्यांच्या लेखी तीच त्या गायिकेची पट्टी ठरते. हस्तलिखितांच्या परंपरेत एका लेखनिकाची चूक त्याच्या शाखेपुरती राहत असे. शाखा अनेक असल्याने तुलना शक्य होई. अंकीय प्रतींच्या परंपरेत प्रती असंख्य असतात, पण त्या साऱ्या एकाच प्रतीच्या हुबेहूब नकला असू शकतात. संख्येच्या विपुलतेतून साक्षीची विपुलता निर्माण होत नाही.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि संहितेत पदरच्या ओव्या घालणाऱ्यांना अखेरीस सज्जड ताकीद दिली. भांडारकर संस्थेत वि. सी. सुखटणकर यांच्या नेतृत्वाखाली आकाराला आलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने पाठनिश्चितीचे आधुनिक शास्त्र या भूमीत रुजवले. इतकी समृद्ध पाठचिकित्सेची परंपरा असलेल्या भाषेत ध्वनिसंहितेच्या चिकित्सेचा विचार जवळजवळ झालेला नाही, ही विसंगती लक्षणीय आहे.

४

ध्वनीपेक्षाही अधिक हानी नावाची झाली आहे. एमपी३च्या फाइलला नावगाव जोडण्यासाठी १९९६ मध्ये जी पहिली नोंदपद्धती प्रचारात आली, तिची रचना पाहण्यासारखी आहे. फाइलच्या अखेरीस १२८ बाइटांची जागा. त्यांत शीर्षकाला ३०, कलावंताला ३०, संग्रहाला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३० आणि प्रकारासाठी एक अंक. या नोंदीत गीतकाराला जागा नव्हती, संगीतकारालाही नव्हती. पुढे १९९८ मधील सुधारित पद्धतीत त्या जागा निर्माण झाल्या, पण तोवर फाइली पसरू लागल्या होत्या आणि त्या भरण्याची सवय लागली नव्हती. प्रकारांच्या मूळ यादीत ८० प्रकार होते. त्यांत भावगीत नव्हते, नाट्यसंगीत नव्हते, लावणी वा अभंग नव्हता. मराठी गीताला 'एथ्निक' किंवा 'अदर' यांपैकी एका खणात बसावे लागे. देवनागरी अक्षरांचीही त्या पद्धतीत सोय नव्हती.

ही केवळ तांत्रिक त्रुटी नाही. त्या नोंदपद्धतीमागे गीताची एक विशिष्ट कल्पना आहे : गीत म्हणजे एका कलावंताने एका संग्रहात सादर केलेली कृती. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात, जेथे गाणाराच अनेकदा रचनाकार असतो, ही कल्पना चालून जाते. भावगीत मात्र कवी, संगीतकार आणि गायक अशा त्रयीतून सिद्ध होते. आकाशवाणीच्या निवेदकाने 'गीत', 'संगीत' आणि 'स्वर' अशा तीन नावांचा उच्चार केल्याशिवाय गाणे पुरे होत नसे, आणि त्या उच्चाराने अनेक पिढ्यांना गाण्यामागे कवी असतो याचे भान दिले. अंकीय नोंदीने त्या त्रयीतील दोन नावे वगळली. तबकडीच्या चिठ्ठीवरही कवीचे नाव अनेकदा छापले जात नसे, हे खरे; म्हणजे उपेक्षा जुनीच आहे. नव्या स्वरूपाने मात्र त्या उपेक्षेला रचनेचे रूप दिले. वगळणे ही आता कोणा मुद्रकाची चूक राहिली नाही. नाव लिहायला रकानाच नाही, असे तिचे स्वरूप झाले.

नाव असले, तरी ते सापडेलच असे नाही. गजानन वाटवे यांच्या आडनावातील 'व' रोमन लिपीत दोन वेगळ्या अक्षरांनी लिहिला जातो. मधला अकार कोणी लिहितो, कोणी गाळतो. एकाच गायकाची चार-पाच आडनावे निर्माण होतात आणि शोध घेणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने त्या चार-पाच भिन्न व्यक्ती ठरतात. प्रसिद्ध कलावंताच्या बाबतीत यंत्र अनुभवाने ही रूपे एकत्र आणते, कारण ती पुनःपुन्हा शोधली जातात. जो कोणी शोधत नाही, त्याच्या नावाची रूपे विखुरलेलीच राहतात. आणि विखुरलेली राहतात म्हणून तो सापडत नाही. विस्मरणाचे हे वर्तुळ भेदण्याचे सामर्थ्य भांडाराच्या विशालतेत नाही.

५

तबकडीला दोन बाजू होत्या, या साध्या वस्तुस्थितीचे सौंदर्यशास्त्रीय महत्त्व अद्याप पुरेसे ओळखले गेलेले नाही. एका बाजूवरील गाजलेल्या गाण्यासाठी तबकडी विकत घेतली जाई आणि तिच्या पाठीवरचे दुसरे गाणे आपसूक घरात येई. पैसे देऊन घेतलेली वस्तू म्हणून ते केव्हा तरी वाजवले जाई. काहींना तेच अधिक आवडू लागे. अल्पज्ञात गीत अशा रीतीने प्रसिद्ध गीताच्या शेजाराने जगत असे. दीर्घ मुद्रिकेवर आणि ध्वनिफितीवर हा शेजार विस्तारला. ध्वनिफितीत तर नको असलेले गाणे ओलांडणे इतके त्रासाचे होते, की ते ऐकूनच घेतले जाई. अशा अनिच्छेच्या श्रवणातून रुचीचा विस्तार होत असे.

अंकीय स्वरूपाने गीताला सुटे केले. आता प्रत्येक गीत स्वतंत्र एकक आहे आणि त्याचा शेजार संपादक वा तबकडी ठरवत नाही. पूर्वीच्या श्रोत्यांनी काय ऐकले याच्या हिशेबावरून यंत्र तो ठरवते. भारतात २०१९ मध्ये आलेल्या स्पॉटिफायसारख्या प्रवाही सेवांत ३० सेकंद ऐकल्यावरच ते 'ऐकणे' म्हणून मोजले जाते. संथ वाद्यारंभाने सुरू होणाऱ्या जुन्या भावगीतात शब्द सुरू होऊन ध्रुवपद मनात ठसण्याआधीच अधीर श्रोता पुढे सरकलेला असतो. २०२४ पासून याच सेवेने असा नियम केला, की ज्या ध्वनिमुद्रणाचे मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा श्रवण झाले नसेल, त्याला मानधनाच्या हिशेबात धरले जाणार नाही. लांब शेपटीच्या सिद्धांताला हे त्याच बाजारपेठेने दिलेले उत्तर आहे. गीत भांडारात ठेवले जाईल. त्याची किंमत मात्र शून्य मानली जाईल.

कायद्याचा संबंधही येथे लक्षात घेतला पाहिजे. १९५७ च्या भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, तर शब्दरचनेवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. 'शीळ'च्या मूळ तबकडीवरील हक्क केव्हाच संपला. ना. घ. देशपांडे यांचे निधन २००० मध्ये झाले. तेव्हा कवितेवरील हक्क २०६० अखेरपर्यंत टिकेल. आवाज सर्वांचा झाला, शब्द अजून झाला नाही. प्रसिद्ध कवीच्या बाबतीत परवानगी कोणाकडे मागायची हे शोधता तरी येते. ज्याचे नाव चिठ्ठीवर छापलेच गेले नाही, त्याचे मृत्युवर्ष कोण सांगणार? कर्त्याच्या हितासाठी केलेला नियम अज्ञात कर्त्याच्या रचनेला अडवून ठेवतो, हा यातील उपरोध आहे.

६

एवढ्यावरून अंकीय स्वरूप हेच लोपाचे कारण आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. प्रत्येक माध्यमांतर ही चाळणीच असते. 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले, तेव्हा त्यातील ५६ गीते माणिक वर्मा, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, राम फाटक अशा अनेक आवाजांनी गायिली होती. पुढे तबकड्यांद्वारे ते प्रामुख्याने संगीतकार सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजात घरोघरी गेले, आणि बहुसंख्य श्रोत्यांच्या स्मरणात तीच त्याची संहिता ठरली. अनेक पात्रांच्या आवाजांचे नाट्य जाऊन एका कथनकर्त्याचे गायन उरले. हे परिवर्तन अंकीय स्वरूपाच्या आगमनापूर्वी कितीतरी आधी झाले. येथे गीत लोपले नाही, पण त्याचा एक पाठ मागे पडला. अतिप्रसिद्ध कृतीच्या पोटातही अल्पज्ञात संहिता असू शकते, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

याच्या उलट टोकाला वामनदादा कर्डक यांची गीते आहेत. पीटर मॅन्युअल यांनी १९९३ मधील आपल्या ग्रंथात ध्वनिफितीने भारतीय संगीतव्यवसायाचे विकेंद्रीकरण कसे केले हे दाखवले. त्या काळात आंबेडकरी जलशांचे आणि शाहिरांचे संगीत स्वस्त फितींतून वस्त्यावस्त्यांत पोहोचले. फिती झिजल्या, बाजारातून गेल्या. पण १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला ती गीते आजही गायिली जातात, कारण गाणाऱ्या समाजाला त्यांची गरज आहे. येथे गीत टिकवण्याचे कार्य माध्यमाने केलेले नाही. समाजाने केले आहे. म्हणजे टिकाऊ माध्यम नसतानाही गीत जगू शकते. उलट अत्यंत टिकाऊ माध्यम असूनही ते ऐकले जाईलच असे नाही. गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाई केरकर यांचे भैरवीतील गायन १९७७ मध्ये 'व्हॉयेजर' यानांवरील सुवर्णलेपित तबकडीत समाविष्ट झाले. त्या तबकडीच्या आवरणावर ती कशी वाजवावी याची आकृतीही कोरलेली आहे. मानवी इतिहासातील बहुधा सर्वांत दीर्घायुषी असे ते मराठी भाषक गायिकेचे ध्वनिमुद्रण असेल. परंतु त्याला तेथे श्रोता नाही. टिकणे आणि ऐकले जाणे यांतील अंतर याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण सापडणे कठीण.

अंकीय स्वरूपाचा विवेकी उपयोग कसा होऊ शकतो, याचे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनात मिळते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून चालवलेल्या प्रकल्पात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. २०१७ पासून त्या 'परी' या ग्रामीण भारताच्या अंकीय संग्रहाद्वारे प्रसिद्ध होत आहेत. येथे ओवीबरोबर गाणारीचे नाव येते, गाव येते, तालुका येतो. जी रचना परंपरेने निनावी मानली, तिलाही पुष्पिका जोडली गेली आहे. गिरणी आल्यावर जात्याबरोबर ओवीचा श्रमाशी असलेला संबंध तुटला, तो अंकीय संग्रह पुन्हा जोडू शकत नाही. तसा त्याचा दावाही नाही. पण कोणी, कोठे गायिले हे तो विसरू देत नाही. व्यावसायिक भांडारात कवीच्या नावाला जागा नसते आणि या संग्रहात भूमिहीन स्त्रीच्या नावालाही ती असते. फरक तंत्रात नाही. रकाने कोणी आणि कशासाठी आखले यात आहे.

तबकडीसंग्राहकांनी केलेल्या कार्याचा विचारही याच अंगाने व्हायला हवा. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने तबकड्यांबरोबरच सूची, क्रमांक आणि आठवणी जतन करण्याचा प्रघात पाडला. १९३५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'यंग इंडिया' या देशी मुद्रिकेने मोठ्या कंपन्यांच्या दाराबाहेरच्या अनेक नवोदितांना ध्वनिमुद्रित केले होते. कंपनी बंद पडल्यावर त्या मुद्रणांना पुढच्या माध्यमांत नेणारा वारस उरला नाही. ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दफ्तरांविषयीच्या योजनेखाली सुरेश चांदवणकर यांनी या तबकड्यांच्या अंकीकरणाचे काम केले, तेव्हा ध्वनीसोबत चिठ्ठ्यांची छायाचित्रेही घेतली गेली. चिठ्ठी ही संहितेचा भाग आहे, ही जाणीव त्यामागे दिसते.

७

या विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. अंकीय स्वरूपाने गीताचे द्रव्य हलके केले आणि त्याबरोबर त्याची पुष्पिका, त्याचा शेजार आणि त्याची वंशावळही सैल केली. अल्पज्ञात गीताला यांपैकी प्रत्येकाची गरज प्रसिद्ध गीतापेक्षा अधिक असते. प्रसिद्ध गीताचे नाव समाजाच्या स्मरणात असते. अल्पज्ञात गीताचे नाव केवळ त्याच्या अंगावर असते. ते अंगावरून उतरवले की गीत टिकूनही निनावी होते, आणि निनावी झालेले गीत मागता येत नाही. मागता न येणारी वस्तू उपलब्ध आहे, असे म्हणण्याला अर्थ उरत नाही.

ही परिस्थिती अटळ मात्र नाही. ध्वनिमुद्रण हे प्रकाशन मानून मराठी गीतकाव्याची सूची सिद्ध करणे, प्रत्येक अंकीय प्रतीसोबत मूळ तबकडीचा क्रमांक, चिठ्ठीचे छायाचित्र आणि वाजवण्याचा वेग नोंदवणे, एका गीताची भिन्न मुद्रणे पाठभेद म्हणून तौलनिकदृष्ट्या अभ्यासणे ही कामे विद्यापीठांच्या मराठी विभागांच्या आवाक्यातील आहेत. त्यांसाठी नवे शास्त्र उभारावे लागत नाही. हस्तलिखितांसाठी जे शास्त्र या भाषेने शतकभर वापरले, ते कानाकडे वळवावे लागते. कविता ही छापील पानावरच असते, हा समज त्यासाठी प्रथम सोडावा लागेल. तो सुटला नाही, तर विसाव्या शतकातील मराठी कवितेचा एक मोठा भाग भांडारात सुरक्षित राहील आणि इतिहासातून मात्र गळून पडलेला असेल.